मोरीतल्या गोळ्या की कारखान्याचे सांडपाणी?

जलतरंग : "मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत टाकणे थांबवले की नद्या औषधमुक्त होतील," हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. पोटात गेलेले मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते, त्याला मोरी काय करणार? आणि कारखाने? हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सामायिक शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारे औषध) लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचे प्रमाण इतके नसते. जिवाणूंना प्रतिकार शिकवणारी शाळाच ती.

औषधनिर्माता : एका केंद्राच्या आकड्यावरून सगळ्या उद्योगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. शुद्धीकरणातून सहीसलामत सुटणारे म्हणून ज्याचे नाव नेहमी घेतले जाते, त्याच कार्बामाझेपिनने माझ्या आईची आकडी थांबवली. आकडी आलेल्या माणसाचे डोके फरशीवर आपटू नये म्हणून ते धरून बसण्याची वेळ तुमच्यावर आली नसावी.

पक्षीमित्र : आईबद्दल आदर आहे, पण गिधाडांचे काय? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. शवविच्छेदनात काळजावर यूरिक आम्लाचा पांढरा थर दिसे. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली.

औषधनिर्माता : तो पशुवैद्यकातील वापराचा प्रश्न होता, सांडपाण्याचा नव्हे. शिवाय मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होताच.

पक्षीमित्र : उपलब्ध होता, म्हणूनच चीड येते! 2006 मध्ये गुरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या आणि कुपी 3 मिलिलिटरची करायला 2015 उजाडले. हा विलंब कोणाच्या सोयीचा होता, ते सांगा.

जलतरंग : गिधाडांच्या प्रश्नातही मुद्दा उत्पादकाच्या जबाबदारीचाच आहे. युरोपीय संघाने 2024 च्या निर्देशात सांडपाण्यातील सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या अतिरिक्त प्रक्रियेचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. आपल्याकडे औषध कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत केंद्र सरकारच्या 2020 च्या मसुद्यात प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा होत्या. 2021 च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या.

औषधनिर्माता : कारखान्याच्या तोंडाशी मर्यादा हवी, एवढे मान्य करतो, तेही नाइलाजाने. मात्र तो खर्च गोळीच्या किमतीत घालून आजाऱ्याकडून वसूल होणार असेल, तर माझा विरोध कायम राहील.

जलतरंग : मग किंमत नियंत्रणाची मागणीही सोबत करा, मर्यादा अडवून धरू नका.