प्युमिस टाकल्यावर 7 दिवसांची स्ट्रेंथ पडली, मिक्स चुकलं का?

क्युबफोड्या: भाऊ लोकहो, फायनल इयरचा प्रोजेक्ट करून राहिलो, ओपीसीच्या (साध्या सिमेंटच्या) जागी 10, 20 अन् 30 टक्के प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड) पावडर टाकून एम30 ग्रेडच्या काँक्रीटचे क्युब भरले, परवा 7 दिवसांचे फोडले तर 20 टक्केवाले साध्या मिक्सपेक्षा जवळपास पाव भाग कमी, 30 चं तर विचारूच नका. सर म्हणतात मिक्सच चुकलं. दुसरं म्हणजे प्युमिस महाग पडते, आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच नं, मग क्रशरची डस्ट दळून टाकली तर?

तराई_मास्तर: 7 दिवसांवरून काऊन घाबरतो बे. सिमेंटला पाणी लागलं की जेल बनते अन् चुना सुटतो, प्युमिसची सिलिका त्या चुन्याला धरून आणखी जेल बनवते, पण सावकाश. म्हणून 28 अन् 90 दिवसांचे क्युब ठेव. खरं सांग, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) येत नव्हता म्हणून वरून पाणी ओतलं का? प्युमिस पाणी पिते, तिथं सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं केमिकल) लागते, पाणी नाही.

लॅबमधला: डस्टचं सोडून दे. ज्वालामुखीची राख अन् प्युमिस हवेत झटक्यात थंड होते म्हणून त्यांची काच होते, काच चुन्याशी रिॲक्ट होते. आपला बेसॉल्ट, म्हणजे तो काळा दगड, हळूहळू थंड झाला, सिलिका स्फटिकात अडकली, कितीही दळ, जास्त करून फिलरच. अन् गंमत अशी की डस्टच्या केमिकल रिपोर्टमध्ये सिलिका, ॲल्युमिना, लोह मिळून 70 टक्क्यांच्या वर जाते, म्हणून तीही प्युमिससारखी कामाची वाटते, लोक तिथंच फसतात. एक्सआरडी (काच की स्फटिक ते दाखवणारी एक्स-रे टेस्ट) कर, आयएस (भारतीय मानक) 1727 ची लाइम रिॲक्टिव्हिटी, म्हणजे चुन्याशी किती रिॲक्ट होते ते, काढ. ड्युरेबिलिटीत क्लोराइड, सल्फेटला फायदा दिसेल, कार्बोनेशनमध्ये (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरतो त्यात) मात्र मार खाशील, कारण चुनाच संपवून टाकला नं. त्यात नागपूरचा मे, तराई (पाणी मारणं) कमी पडली की कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, गेलंच. आयएस 456 अशा मिक्सला निदान 10 दिवस तराई सांगते.

बुटीबोरी_साइट: बाजूला कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची कोळशाची राख (फ्लाय ॲश) पडली आहे अन् हा प्युमिस आणते 😄 पीपीसी सिमेंटच्या गोणीत 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश असते, केमिस्ट्री तीच.

क्युबफोड्या: टॉपिक आता बदलत नाही भाऊ. पाणी वाढवलं होतं, कबूल. क्युब भिजवायची टाकीही गच्चीवर उन्हात आहे.

लॅबमधला: मग मिक्स नाही, तूच चुकला. टाकीतलं पाणी 27 अधिक-उणे 2 डिग्री पाहिजे, टाकी आत घे अन् नवीन बॅच भर.

क्युबफोड्या: 90 दिवस? व्हायवा दीड महिन्यावर आहे राजेहो.