साडेचार किलोत कुंग्सलेडेन? हिशेबात हटच्या भिंती धरल्या का?

उमेओकर:
काल ग्रॅममोज्या यांनी ठणकावून लिहिलं: "स्कँडिनेव्हियाला साडेचार किलो बेस वेट पुरे. एका काठीवरचा टार्प, जाळी नको, 5 अंशांची क्विल्ट, ट्रेल रनर. बाकी सगळी दुकानदारी." (बेस वेट म्हणजे अन्न, पाणी, इंधन सोडून पाठीवरचं वजन; टार्प म्हणजे तंबूऐवजी ताणायचं नुसतं छप्पर; क्विल्ट म्हणजे पाठ नसलेली स्लीपिंग बॅग; ट्रेल रनर म्हणजे धावायचे हलके बूट.) उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

'स्कँडिनेव्हिया' नावाची एक वाट नाही. स्वीडनमधली कुंग्सलेडेन ही पायवाट आबिस्को ते हेमावान, सुमारे 440 किमी. आबिस्को ते निक्कालुओक्ता या टप्प्यात साधारण 10 ते 20 किमीवर हट, म्हणजे मुक्कामाची झोपडी, सापडतो, काही ठिकाणी दुकानही. क्विकयॉक ते अम्मरनेस एसटीएफ या स्वीडिश पर्यटन संघटनेचा एकही हट नाही. शेजारच्या सारेक राष्ट्रीय उद्यानात तर मुळातच नाहीत. म्हणजे तुमच्या साडेचार किलोंत अलेसयाउरेच्या हटच्या लाकडी भिंती आणि शेगडी फुकट धरल्यात.

5 अंश म्हणजे कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) की लिमिट (कसंबसं निभेल ते)? त्या दोन आकड्यांत सहज 5-6 अंशांचं अंतर असतं. टार्पचं म्हणाल तर झाडांची रेषा ओलांडली की आडोसा संपतो. खडकाळ जमिनीत वाऱ्याकडचा एक पेग (जमिनीत ठोकायची खुंटी) सुटला की एका काठीवरचं सगळं छप्पर अंगावर. दगड ठेवायचा तो पेगवर. दोरीवर ठेवला तर रात्रभर घासून दोरी तुटते. टार्पचं सिलनायलॉन (सिलिकॉन लावलेलं नायलॉन) ओलं झालं की सैलावतं, झोपण्याआधी पुन्हा ताणावं लागतं. आणि जाळीशिवाय जुलै? डासांना आमंत्रणपत्रिकाच छापा.

सह्याद्रीतला पाऊस बघितलाय, हे उत्तर देऊ नका. तिथे चिंब भिजलात तरी हवा विशीत असते. याच वाटेवरच्या त्चेक्त्याच्या खिंडीत, सुमारे 1,150 मीटरवर, ऑगस्टातही 4 अंशांचा पाऊस आडवा येतो, कधी बर्फ.

ग्रॅममोज्या:
हट आहेत म्हणूनच तर हलकं जायचं! वाटेवर शेगडी असताना पाठीवर घर कशाला? अठरा किलो घेऊन दलदलीवरच्या ओल्या फळ्यांवरून चालणाऱ्यांचे घोटे बघा, मग माझं माप काढा. सारेकचं मी कुठे म्हटलं?
जाळी मान्य. 250 ग्रॅम वाढवा आणि खूश व्हा.

उमेओकर:
"स्कँडिनेव्हिया" तुम्हीच लिहिलंत. सारेक काय कोकणात आहे?

कोरडेपाय:
बुटांवर कोणीच बोलत नाही? मेम्ब्रेनच्या (जलरोधक अस्तराच्या) बुटात पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं. कातडी बूट एकदा भरला की दोन-तीन दिवस ओला. जाळीचा ट्रेल रनर चालता चालता पाणी टाकतो. पण पाय ओलाच राहणार, हे धरूनच चला: लोकरी मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. त्या जोडाला दिवसा हात लावायचा नाही.

स्पिरिटवाला:
मोजे राहू द्या. ग्रॅममोज्यांच्या यादीत स्वयंपाकाला गॅस दिसला आणि डोकं फिरलं. डबा विमानात नेता येत नाही, आणि अर्धा डबा विकत मिळत नाही. जाळायचं स्पिरिट पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, लिटरच्या बाटलीत. त्रांगिया हा स्पिरिटचा स्टोव्ह वाऱ्यात जास्त चांगला पेटतो, कारण हवेची भोकं वाऱ्याकडे करायची असतात. बिघडायला त्यात भागच नाहीत.

ग्रॅममोज्या:
स्पिरिटही विमानात चालत नाही, बरं का. आता आकडे. स्पिरिटमध्ये किलोला साधारण 27 मेगाज्यूल, गॅसमध्ये 45 च्या वर. ओढ्याचं थंडगार पाणी लिटरभर उकळायला गॅस 15 ग्रॅम, स्पिरिट 40 मिली. त्रांगियाचा 27 नंबरचा संच पाऊण किलोच्या आसपास, माझा बर्नर 80 ग्रॅम.

स्पिरिटवाला:
15 ग्रॅम स्वयंपाकघरात! वाऱ्यात दुप्पट धरा. आणि डब्यावरच्या बर्नरला चहूबाजूंनी पत्रा लावलात तर डबा तापून फुटायची भीती. माझ्या संचात पातेली आणि वाऱ्याची भिंत दोन्ही आली, तुमच्या 80 ग्रॅममध्ये काय आलं? रिकामा डबा दीडशे ग्रॅमचा, तो गावापर्यंत वाहायचा.

कोरडेपाय:
गारठ्यात गॅस मंदावतो तेही लिहा. साधं ब्यूटेन −0.5 अंशाला उकळतं, आयसोब्यूटेन −12, प्रोपेन −42. प्रोपेन आधी संपतं, म्हणून अर्ध्यावर आलेला डबाच दगा देतो. रात्री तो स्लीपिंग बॅगेत घ्यावा, सकाळी बशीभर पाण्यात उभा करावा.

ग्रॅममोज्या:
आणि स्पिरिट गारठ्यात पेटतं कुठे? बर्नर आधी खिशात ऊबवा. ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून वरून ओतणाऱ्यांचे हात भाजतात. झाकणाने विझवायचं, गार होऊ द्यायचं, मगच भरायचं. एवढं शिस्तीत करणारी माणसं दाखवा.

स्पिरिटवाला:
दोन तृतीयांश भरला की 25 मिनिटं जळतो, मध्ये ओतायची वेळच येत नाही. काजळी नको तर दहा टक्के पाणी मिसळा. वाचत जा जरा.

पिनवाला:
दोघांनाही नमस्कार. आपल्या आज्यांनी पिन मारमारून पेटवलेला प्रायमसही स्वीडनचाच, 1892 चा. रॉकेलमध्ये किलोला 43 मेगाज्यूल, गारठ्याची फिकीर नाही. वास तेवढा सॅकला आठवडाभर.

ग्रॅममोज्या:
आणि पितळेचं वजन कोण वाहणार, आज्या?

उमेओकर:
भांडा. त्रांगियाच्या वाऱ्याच्या भिंतीत नळीवाला गॅसबर्नर बसतो, हे दोघांनाही माहीत असून कोणी लिहीत नाही. डबा बाहेर राहतो, तापत नाही.

स्पिरिटवाला:
बसतो. म्हणजे भिंत आमचीच लागली.

ग्रॅममोज्या:
आणि इंधन आमचं. हिवाळ्यात बघू.

उमेओकर:
मूळ मुद्द्यावर एक. वाटेत तेउसायाउरे तलावावर होडी स्वतः वल्हवायची असते आणि दोन्ही काठांवर किमान एक होडी राहिली पाहिजे. तुमच्या काठी एकच असेल तर पलीकडे जा, दुसरी बांधून आणा, ती सोडून पुन्हा जा: साधारण एक किमीच्या तीन फेऱ्या. वारा असेल तर किनाऱ्यावर थांबायचं, आणि तिथे टार्पखाली किती वेळ बसाल ते सांगा.

ग्रॅममोज्या:
जाळी, जाड क्विल्ट, चार जास्तीचे पेग, झोपायचे मोजे. नवा आकडा 5.4 किलो. क्विकयॉकच्या दक्षिणेला तंबूही. झालं समाधान?

उमेओकर:
5.4 पर्यंत यायला छत्तीस तास लागले. चांगला वेग आहे.