मदत हवी आहे: बांधावरची मारामारी, उलटी केस आणि दुसरा फटका

वाळवा तालुका, सांगली जिल्हा. भावकीचं प्रकरण आहे म्हणून गावाचं नाव देत नाही.

मागच्या मंगळवारी चुलत्यांच्या मुलानं ट्रॅक्टर आणून सामाईक बांधाला नांगर घातला. दर नांगरटीला बांध वीतभर कमी होतोय, सगळ्यांना दिसतं, बोलत कुणी नाही. वडील (वय ६८) आडवे गेले. त्यानं उतरून त्यांना ढकललं आणि ट्रॅक्टरवरचा कोयता काढून उगारला. वडिलांच्या हाताला लागलं, तीन टाके पडले. धाकटा भाऊ शेजारच्या सरीत उसाला पाणी पाजत होता, हातात खोरं. धावत येऊन त्यानं खोऱ्याच्या दांड्यानं चुलतभावाच्या मनगटावर मारलं. कोयता पडला. इथवर माझं मन साफ आहे.

दुसरा फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. भाऊ म्हणतो, तो कोयता उचलायला वाकला होता. आई म्हणते, मनगट धरून खाली बसला होता. मी पुण्यात असतो, मी काहीच बघितलेलं नाही. गावात फिरणारा व्हिडिओ नेमका दुसऱ्या फटक्यापासून सुरू होतो, त्यामुळं माझा भाऊच चालून गेल्यासारखा दिसतो.

ते आधी पोलिसांत पोचले. भावावर भारतीय न्यायसंहितेचं कलम ११८(२) लागलं, म्हणजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत. आम्ही वडिलांचे टाके घालून संध्याकाळी गेलो, तर आमची नुसती एनसी (अदखलपात्र नोंद, एफआयआर नाही) घेतली.

पहिला हात कुणी उचलला यावरच सगळं ठरतं का? आणि स्वसंरक्षण म्हटलं तर मारल्याची कबुली दिल्यासारखं होत नाही का?

काळाकोट_कराड:
पहिला हात हा एक मुद्दा झाला. न्यायसंहितेची स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ वाचा (जुन्या भारतीय दंडसंहितेत ९६ ते १०६). कोयता उगारला तिथंच हक्क सुरू झाला, वार बसायची वाट बघावी लागत नाही. दुसऱ्याचा जीव वाचवायलाही हा हक्क आहे, वडिलांसाठी तर आहेच. पळून का गेला नाहीस, असंही कोर्ट म्हणत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) हा निकाल वकिलाला दाखवा, तेही रानाचंच भांडण होतं.

पण धोका संपला की हक्क संपतो, आणि गरजेपेक्षा जास्त इजा कलम ३७ चालू देत नाही. तुमची केस त्या दोन सेकंदांत अडकलीय. तो खाली बसलेला असेल तर दुसरा फटका बचाव नाही, राग आहे. वाकलेला असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी माणूस फटके मोजून मारत नाही हे कोर्टालाही कळतं. पंचनाम्यात कोयता कुठं दाखवलाय ते आधी बघा. मोटर चालू होती, पाण्याची पाळी तुमची होती, हेही पुढं आणा. खोरं भांडायला आणलेलं नव्हतं, हातात होतंच.

कबुलीचं म्हणाल तर हो, फटका मान्य करूनच हा बचाव घेतला जातो. "मारलंच नाही" आणि "बचावासाठी मारलं" दोन्ही एकदम बोललात तर बचाव कमकुवत होतो. सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, पण शक्यता पटली तरी पुरतं.

११८(२) अजामीनपात्र आहे, अटकपूर्व जामिनाचं आजच बघा. कोयत्याची जखम ११८(१) मध्ये (घातक हत्यारानं दुखापत) बसते, म्हणजे दखलपात्र. एनसीवर गप्प बसू नका. एसपींना लेखी तक्रार पोस्टानं पाठवा, तिथं काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा.

बांधकरी:
मूळ व्हिडिओ कुणाच्या मोबाइलवर आहे ते शोधा. पाठवलेली क्लिप बहुतेक कापलेली असते. आणि मोजणीचा अर्ज टाकाच. आमच्यात केस मिटली, बांध अजून तिथंच भांडतोय.

धागाकर्ता:
पंचनाम्याची नक्कल मागितलीय. एक अवघड राहिलंय. आईनं "वाकला होता" म्हणावं असं भावाला वाटतं. ती म्हणते, "बघितलं तेच सांगीन, आन् नीट दिसलं न्हाई हेबी सांगीन." तिचं नाव साक्षीदारांत द्यावं का?

काळाकोट_कराड:
ते वकील ठरवील. तिला पढवू नका, उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. ती ट्रॅक्टरच्या कुठल्या अंगाला उभी होती, तेवढं मात्र आज विचारून ठेवा.