बाबांशी बोलणं तुटलंय. कुठला मानसोपचार घेऊ, सीबीटी की आयपीटी?

हापूसवाला: मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी देवगडला बागेत आलो. मोहोरावर तुडतुडे दिसले की मी म्हणतो आजच फवारू, बाबा म्हणतात थांब. गेल्या चैत्रात मी भरलेली पेटी त्यांनी एक शब्द न बोलता रिकामी केली, पेंढा झटकला आणि परत भरली. गड्यांसमोर. तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत. "त्याला म्हणावं, जेवून घे." मी समोरच बसलेला असतो! रात्री छातीत धडधडतं, झोप नाही. एका समुपदेशकाने दहा मिनिटांत प्राणायामाचा कागद हातात ठेवला, परत गेलो नाही. आता ऑनलाइन दोन थेरपिस्ट मिळालेत, एक सीबीटीवाले (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), एक आयपीटीवाल्या (इंटरपर्सनल सायकोथेरपी). फरक काय? बाबा येणार नाहीत हे धरूनच सांगा.

कणकवलीकरीण: भाऊ, मी सीबीटी घेतली. वही लिहावी लागते: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. सासूबाईंनी माझ्या आमटीत मीठ घातलं, की मी लिहायचे "यांच्या लेखी मला काही येत नाही". सहाव्या आठवड्यात वही चाळली तर पानापानावर तेच वाक्य, मीठ असो वा नसो. सासूबाई अजून मीठ घालतात.

सल्लागार ताई: आधी धडधडीसाठी डॉक्टरकडे जा, ईसीजी आणि थायरॉइड बघून घ्या. आयपीटी क्लर्मन आणि वाइसमन यांनी १९७० च्या दशकात नैराश्यासाठी बांधली, साधारण १२ ते १६ भेटींची. तिचा रोख नात्यांवर: शोक, वाद, भूमिका बदलणं, माणसं जोडता न येणं. तुमच्या लिहिण्यात मधल्या दोन्ही दिसतात. नोकरदाराचे तुम्ही पुन्हा "मुलगा" झालात, आणि आईमार्फत बोलणं म्हणजे वादाची कोंडी. एखादं भांडण शब्दन् शब्द उलगडून बघतात, बाबा नसले तरी चालतं. सीबीटीही वाईट नाही, पण तुमचं दुखणं पेटीपाशी आहे, म्हणून मी आयपीटी म्हणेन. न भेटता निदान मात्र करणार नाही.

मिठबावकर: रात्री फारच झालं तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

हापूसवाला: ईसीजी ठीक आला. आयपीटीवाल्या ताईंशी काल पहिली भेट झाली. घरात रेंज नाही, वरच्या कलमाखाली बसलो होतो. खाली उतरलो तर बाबा आईला विचारत होते, "तासभर कोणाशी बोलत होता तो?"