फ्रँक मॅकेना : प्रांताच्या प्रीमियरपदापासून बँकेपर्यंत

सीताबर्डीकर :
नमस्कार. प्रांतिक राजकारणातून उद्योगक्षेत्रात गेलेल्या नेत्यांविषयी मी एक टिपण लिहीत आहे. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताचे फ्रँक मॅकेना १९८७ ते १९९७ प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे, होते. पुढे ते वॉशिंग्टनमध्ये राजदूत झाले आणि २००६ मध्ये टोरांटो-डोमिनियन बँकेचे डेप्युटी चेअर. आपल्या विदर्भात आमदारकी आणि सूतगिरणी किंवा शिक्षणसंस्था एकाच वेळी सांभाळली जाते; राजकारण पूर्ण सोडून कंपनीत पद घेणारा नेता क्वचितच दिसतो. बँकेने त्यांच्यात नेमके काय पाहिले असेल, आणि ही वाट लोकहिताची मानावी का?

धरमपेठ_वकील :
मॅकेना मुळात फौजदारी वकील. मुष्टियोद्धा इव्हॉन ड्युरेल याच्यावरील खुनाच्या खटल्यात १९७७ मध्ये त्यांनी त्याला निर्दोष सोडवले आणि त्यांचे नाव प्रांतभर झाले. १९८२ मध्ये ते आमदार झाले, १९८५ मध्ये लिबरल पक्षाचे नेते, आणि १३ ऑक्टोबर १९८७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ५८ पैकी ५८ जागा जिंकल्या. १९७० पासून सत्तेवर असलेले रिचर्ड हॅटफील्ड स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. समोर एकही विरोधी आमदार नसलेल्या या माणसाने दहा वर्षांनी पद सोडण्याचा शब्द दिला होता, आणि १३ ऑक्टोबर १९९७ रोजी, तारखेनिशी, तो पाळला. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत आदरणीय गोष्ट हीच आहे. २००६ च्या आरंभी पक्षाचे राष्ट्रीय नेतृत्व त्यांच्यासमोर चालून आले होते, तेही त्यांनी नाकारले.

मिहान_परिसर :
बँकेने काय पाहिले, याचे उत्तर त्यांच्या प्रीमियरपदाच्या कारभारातच आहे. न्यू ब्रन्सविकची लोकसंख्या त्यांच्या काळात साधारण साडेसात लाख होती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील नागपूर शहराच्या एक तृतीयांशाहूनही कमी. उत्पन्न मासेमारी, लाकूड आणि खाणी यांवर अवलंबून. मॅकेना यांनी प्रांतातील आधुनिक टेलिफोन जाळे आणि इंग्रजी व फ्रेंच दोन्ही बोलणारे मनुष्यबळ पुढे करून देशभरातील कंपन्यांची कॉल सेंटरे तेथे आणली. ते स्वतः कंपन्यांच्या प्रमुखांना फोन करीत, आणि गुंतवणूकदारांसाठी त्यांच्याच नावाचा निःशुल्क क्रमांक होता. मिहान या नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पात एखादी मोठी कंपनी यावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आम्हा नागपूरकरांना या धडपडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या बँकेला ग्राहक-कंपन्यांच्या प्रमुखांशी असेच नाते राखणारा माणूस हवा असतो.

मात्र दुसरी बाजूही टिपणात यायला हवी. युपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये इतर प्रांतांतील नोकऱ्या तेथे हलवल्या, तेव्हा सरकारी पैशाने शेजाऱ्यांचा रोजगार ओढून नेल्याची टीका झाली, विशेषतः ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून. शिवाय कॉल सेंटरमधील वेतन बेताचेच असते.

सीताबर्डीकर :
दोघांचेही आभार. पण सत्तेत असताना मदत केलेल्या कंपन्यांकडेच पुढे पद मिळण्याचा धोका कसा टाळायचा?

धरमपेठ_वकील :
बँकेत जाण्याआधी त्यांना प्रांतिक सत्ता सोडून आठ वर्षांहून अधिक काळ झाला होता. मधल्या काळात वकिली, कंपन्यांची संचालकपदे आणि राजदूतपद होते. संचालकपदांवर तुम्ही जरूर प्रश्न विचारा, कारण ती लवकर सुरू झाली. परंतु बँकेच्या पदाला 'लगेच मिळालेले बक्षीस' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कॅनडाच्या केंद्रीय मंत्र्यांना आज पद सोडल्यावर दोन वर्षे, ज्यांच्याशी मंत्रिपदाच्या शेवटच्या वर्षात थेट व महत्त्वाचा सरकारी व्यवहार केला अशा संस्थांत नोकरी किंवा संचालकपद घेता येत नाही. तो कायदा २००७ पासून लागू आहे. आपल्याकडे केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते, मंत्र्यांसाठी असा कायदा नाही. टिपणात तुलना करायचीच असेल, तर ती या दोन तरतुदींची करा.