क्लबहाऊसमधलं पाळणाघर वाढवायचं : परवानगी कोणाची आणि किती चौरस मीटरची

सचिव : नमस्कार. पाळणाघराच्या ताईंचा अर्ज कमिटीकडे आला आहे. सध्या क्लबहाऊसच्या हॉलमध्ये १८ मुलं आहेत, त्यांपैकी ११ आपल्या सोसायटीतली. त्यांना ४० मुलांपर्यंत जायचं आहे. त्यासाठी बागेच्या बाजूला ६५ चौ. मी. खोली आणि पुढे पत्र्याची शेड, खर्च त्यांचा. सोसायटीने फक्त ना-हरकत द्यावी असं पत्रात म्हटलंय. ग्रुपवर पोल टाकू का?

सी-१०४ : टाका. नोकरी करणाऱ्या आई-बापांची फार मोठी सोय आहे ती. खर्चही सोसायटीचा नाही.

बी-७०३ (आर्किटेक्ट) : सचिव साहेब, पोल थांबवा. सोय हवीच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आपली ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती महापालिकेच्या बांधकाम विभागाची, आणि तिथे पहिला प्रश्न येईल की ही जागा मंजूर नकाशावर काय म्हणून दाखवली आहे. आपलं क्लबहाऊस ‘रिक्रिएशनल ओपन स्पेस’मध्ये, म्हणजे रहिवाशांच्या करमणुकीसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत उभं आहे. सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

सचिव : म्हणजे तिथे पाळणाघर चालत नाही?

बी-७०३ (आर्किटेक्ट) : चालतं. युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेली विकास नियंत्रण नियमावली, तिच्यात ०.४ हेक्टर किंवा मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्या मोकळ्या जागेत जिम, क्लबहाऊस, योग केंद्र, वाचनालय, पाळणाघर, बालवाडी अशा बांधकामाला मुभा आहे. पण मर्यादा कडक आहे. जास्तीत जास्त दोन मजले, एकूण बांधकाम मोकळ्या जागेच्या १५ टक्के, आणि त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

आता आपले आकडे. भूखंड ९,००० चौ. मी., मोकळी जागा ९००. त्याचे १५ टक्के म्हणजे १३५ आणि तळमजल्याची कमाल ९०. सध्याचं क्लबहाऊस तळमजल्यावर ७२. म्हणजे खाली फक्त १८ चौ. मी. शिल्लक आहेत. ६५ ची खोली बसतच नाही.

सी-१०४ : मग शेड तरी? ती काय बांधकाम नाही, नट-बोल्टवर उभी राहते.

ए-९०१ : सी-१०४, पत्रा असो की फायबर, खांब रोवून छप्पर घातलं की तो विकासच. एमआरटीपी कायदा, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ मध्ये ‘विकास’ या व्याख्येत बांधकामही येतं आणि वापरातला बदलही येतो. कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय दोन्ही करता येत नाही. केलं तर कलम ५३ ची नोटीस आणि ५२ खाली गुन्हा. ‘आधी बांधू, मग नियमित करून घेऊ’ असं कुणी सुचवेल, तर त्यासाठी आणलेलं कलम ५२अ हे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरतं आहे. आज टाकलेल्या शेडला त्याचा उपयोग नाही. आणि नोटीस जागेच्या मालकाला येते, म्हणजे सोसायटीला.

डी-५०२ (फायर कन्सल्टंट) : शेडबद्दल आणखी एक. बागेच्या कडेने जो रस्ता आहे तो अग्निशमन गाडीचा आहे. आपल्या इमारती ११ मजली, त्यामुळे भोवती ६ मीटर मोकळी, पक्की वाट लागते आणि ती ४५ टनांची गाडी पेलणारी असावी लागते. नकाशावरची शेड त्या वाटेत सव्वा मीटर येतेय. हे कुठल्याच परिस्थितीत मंजूर होणार नाही, आणि होऊही नये.

पाळणाघर ताई : नमस्कार सगळ्यांना. शेड मी काढून टाकते, ती फक्त पावसात मुलांना सोडताना-नेताना भिजायला नको म्हणून होती. पण जागेचं गणित मी वेगळं केलं होतं. केंद्राच्या पाळणाघर मार्गदर्शक सूचनांमध्ये एका मुलामागे १० ते १२ चौ. फूट सांगितलेत. ४० मुलांना ४८० चौ. फूट, म्हणजे ४५ चौ. मी. हॉलच ५० चा आहे. मग आताही ४० मुलं कागदावर बसतात ना?

ए-२०३ : आणि मला कुणी तरी सांगितलं की एका माणसामागे ४ चौ. मी. लागतात. त्या हिशोबाने ५० च्या हॉलमध्ये १२ च जण. मग १८ सुद्धा बेकायदा?

डी-५०२ (फायर कन्सल्टंट) : दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या कामांसाठी आहेत आणि इथेच नेहमी घोटाळा होतो.

१० ते १२ चौ. फूट ही मुलाला झोपायला, खेळायला लागणारी किमान जागा. २०१८ च्या त्या सूचना मातृत्व लाभ कायद्याखालच्या, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी आहेत. आपल्याला थेट बंधनकारक नसल्या तरी मोजपट्टी म्हणून चांगल्या आहेत.

४ चौ. मी. हा नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मधला आकडा. शैक्षणिक वापराच्या इमारतीत किती माणसं धरायची आणि त्यांच्यासाठी दारं-जिने किती रुंद ठेवायचे, याचा तो हिशोब. प्रत्यक्ष माणसं त्यापेक्षा जास्त असतील तर प्रत्यक्ष संख्या धरायची. ती ‘इतकीच माणसं बसवा’ अशी मर्यादा नाही. त्यामुळे १८ मुलं बेकायदा होत नाहीत.

ताई, तुमच्यासाठी खरा उंबरठा २० चा आहे. शाळा किंवा दिवसभराच्या सांभाळासाठी २० किंवा जास्त मुलं एकत्र येतात ती जागा कोडप्रमाणे शैक्षणिक गटात जाते. १८ वरून ४० वर जाणं म्हणजे अग्निशमन विभागाच्या नजरेत वापर बदलणं. मग बाहेर पडायच्या वाटा, दारांची रुंदी, जिना सगळं नव्याने तपासलं जातं.

पाळणाघर ताई : दार सध्या एकच आहे, ९०० मि.मी. चं, आत उघडणारं.

डी-५०२ (फायर कन्सल्टंट) : ते बदलावं लागेल. कमीत कमी १,००० मि.मी. रुंद आणि बाहेर उघडणारं. दुसरं दार समोरासमोरच्या भिंतीत घ्या, त्याच भिंतीत शेजारी नको. एका बाजूला धूर भरला की शेजारचं दारही निरुपयोगी. खिडक्यांना ग्रिल असेल तर निदान एक तरी आतून उघडणारी ठेवा. आणि दुधाचा गॅस हॉलमध्ये ठेवू नका, इंडक्शनवर काम भागतं.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीचा फॉर्म ‘बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैमध्ये जातो. वाढीव क्लबहाऊसही त्यात येईल, एजन्सीला आधी कळवा.

सी-१०४ : वर एक मजला चढवता येतो असं दिसतंय ना? दोन मजल्यांना मुभा आहे म्हणालात.

बी-७०३ (आर्किटेक्ट) : येतो, आणि मला वाटतं तोच मार्ग आहे. पण लहान मुलं वर पाठवायची नाहीत. एक तर अडीच वर्षांच्या मुलाला जिन्याने पळवून खाली आणायला एका बाईला दोनच हात असतात. दुसरं, शैक्षणिक वापराला जिना १.५ मीटर रुंद लागतो, पायरीची उंची १५० मि.मी. पर्यंत आणि पाऊलखोली ३०० मि.मी. तसा वळणाचा जिना १४ चौ. मी. खातो आणि तोही आपल्या मोजक्या १३५ मधून.

म्हणून उलट करा. खाली १८ चौ. मी. वाढवून ९० पूर्ण करा. वाचनालय (१२) आणि सोसायटी ऑफिस (१०) वर न्या. वर ४५ चौ. मी. मिळतात. खाली पाळणाघराला हॉल ५०, मोकळे झालेले २२ आणि नवे १८, म्हणजे ९० पैकी जिन्याखालची जागा वजा जाता साधारण ७५. त्यात झोपायची वेगळी खोली, छोटं स्वयंपाकघर, लहान मुलांच्या उंचीची दोन शौचालयं, एक बदलायचा ओटा आणि हात धुण्याची ४५० मि.मी. उंचीची बेसिनं बसतात. वर जिम मात्र नको. वजनं आपटली की खालची मुलं झोपणार नाहीत.

एक अट. क्लबहाऊसचा पाया एका मजल्यासाठी होता की दोन, हे जुन्या स्ट्रक्चरल नकाशात बघा. नकाशा नसेल तर दोन ठिकाणी पायाशी खोदून फूटिंग मोजायचं, कॉलमच्या काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी. गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडलेल्या दिसल्या म्हणजे पाया पुरेसा आहे, असं समजू नका. बिल्डर सळ्या सोडतो, पाया वाढवतोच असं नाही.

ए-९०१ : बी-७०३, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं अजून सांगितलं नाहीत. मुलं कुणाची?

बी-७०३ (आर्किटेक्ट) : बरोबर काका, त्यावरच येतो. मोकळ्या जागेतलं बांधकाम हे तिथल्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असतं. प्रस्तावही सोसायटीकडूनच यावा लागतो आणि दुसऱ्या वापरासाठी ती जागा जाऊ नये म्हणून महापालिका सुरक्षा ठेव घेते. बाहेरची २०-२५ मुलं फी घेऊन तिथे ठेवली की रहिवाशांची सोय संपली आणि व्यवसाय सुरू झाला. एका शेजाऱ्याने तक्रार केली तर नव्या बांधकामाबरोबर जुनं क्लबहाऊसही तपासणीत येईल. सध्याची बाहेरची ७ मुलंसुद्धा मला खटकतात.

पाळणाघर ताई : मग माझं कसं भागेल? सोसायटीतली, प्रतीक्षा यादीतली धरून, २४ होतात. १६ बाहेरची.

ए-२०३ : ए विंगच्या तळमजल्याचा रिकामा फ्लॅट भाड्याने घेतला तर?

ए-९०१ : तो मंजूर नकाशात निवासी आहे, वापर बदलावा लागेल. शिवाय लिफ्टची लॉबी सामाईक. सकाळी साडेआठला १६ पालक, १६ गाड्या आणि ऑफिसला निघालेले रहिवासी एकाच दारात. त्या विंगचा विरोध होईल आणि तो रास्त असेल.

त्यापेक्षा मुख्य रस्त्याकडचे दोन गाळे बघा. प्रत्येकी ३८ चौ. मी., तळमजला, स्वतंत्र दार थेट रस्त्यावर. दुकान ते पाळणाघर हाही वापरबदल आहे, सुधारित नकाशा लागतो. पण रस्ता रुंद आहे, मोकळ्या जागेचा प्रश्न नाही, सोसायटीच्या गेटमधून कुणी येत-जात नाही. मधली भिंत विटांची आहे की आरसीसी, एवढं तपासून मगच हात लावायचा. बाहेरची मुलं तिथे, सोसायटीची क्लबहाऊसमध्ये. दोन ठिकाणी माणसं मात्र वेगवेगळी लागतील.

पाळणाघर ताई : माणसांचं प्रमाण मी सूचनांप्रमाणेच धरते. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, तीन ते सहाच्या २० मुलांमागे एक, सोबत मदतनीस. क्लबहाऊसमधल्या २४ पैकी ९ तीन वर्षांखालची, म्हणजे दोन ताई आणि मदतनीस. ते जमेल.

सचिव : मग अर्ज कोण करणार? ताई?

ए-९०१ : नाही. एमआरटीपीच्या कलम ४४ खाली अर्ज जमिनीचा मालक करतो, लायसन्स्ड आर्किटेक्टमार्फत, ऑनलाइन. क्लबहाऊसपुरता मालक म्हणजे सोसायटी. कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून जमिनीचं हस्तांतरण झालंय, पण मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) सोसायटीचं नाव चढलंय का?

सचिव : नाही. अजून बिल्डरचंच आहे.

ए-९०१ : मग पहिलं काम ते. नगर भूमापन कार्यालयात कन्व्हेयन्स दस्ताची प्रत आणि इंडेक्स-२ (दस्तनोंदणीचा उतारा) जोडून फेरफारचा, म्हणजे नाव बदलायचा अर्ज करा. याशिवाय फाईल पहिल्याच टेबलावरून परत येईल. सोबत मोजणी नकाशाही काढून घ्या. मोकळी जागा जमिनीवर खरंच ९०० भरते का, ते कळेल. ८६० निघाली तर तळमजल्याची मर्यादा ८६ होते आणि सगळा आराखडा बदलतो.

बी-७०३ (आर्किटेक्ट) : बाकीची कागदपत्रं : शेवटचा मंजूर नकाशा, भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी), सर्वसाधारण सभेचा ठराव, मिळकतकराची थकबाकी नसल्याचा दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, अग्निशमन आणि ड्रेनेजचे ना-हरकत दाखले. बागेच्या कोपऱ्यातलं कडुलिंबाचं झाड १८ चौ. मी. च्या रेषेत येतं. झाड तोडायची परवानगी मागण्यापेक्षा वाढ दुसऱ्या बाजूला घेऊ, सावलीही राहील. नकाशात नवं काम लाल, पाडायचं काम पिवळं. क्रम असा : मंजुरी आणि प्रारंभ पत्र (काम सुरू करायची परवानगी), जोतं झालं की जोते तपासणी, शेवटी भोगवटा. भोगवट्याआधी एकही मूल नव्या खोलीत नको.

सी-१०४ : ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात ना?

ए-९०१ : कलम ४५(५). पण त्रुटी काढल्या तर तुमचं उत्तर पोहोचल्यापासून ६० दिवस मोजतात. आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच. १८ च्या जागी ६५ लिहून ६० दिवस थांबलात तर काहीही मिळत नाही. नाकारलं तर ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील.

ए-२०३ : ठरावाबद्दल. पोलला काही किंमत नाही. विशेष सर्वसाधारण सभा, ५ पूर्ण दिवसांची नोटीस, विषय नोटिशीत स्पष्ट. कोरम एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, जे कमी ते. ठरावात चौरस मीटर, मजले, फक्त सोसायटीतली मुलं, कमाल २४, खर्च कुणाचा आणि बांधकामाची मालकी सोसायटीची, हे सगळं येऊ द्या. खर्च ताईंचा असेल तर तो परवाना शुल्कातून (जागा वापरण्याच्या भाड्यातून) वळता करायचा की कसं, तेही. नंतर त्यावरूनच वाद होतात.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्काच्या ०.२५ टक्के, परतीच्या ठेवीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. परवाना संपला की जागा रिकामी, हे कलम सौम्य करू नका.

वीजमीटर वेगळा घ्या. सोसायटीच्या सामाईक मीटरवर व्यवसाय चालला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते आणि वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरतात. मिळकतकराची आकारणीही बदलेल, ती ताईंच्या करारात घाला.

पाळणाघर ताई : मान्य आहे. गाळ्यांच्या मालकांशी मी आजच बोलते. बाहेरच्या ७ मुलांच्या पालकांना मार्चपर्यंतची मुदत दिली तर चालेल का? वर्ष मध्येच तोडलं तर मुलं बावरतात.

सचिव : कमिटीसमोर ठेवतो. फेरफारचा अर्ज सोमवारी देतो. बी-७०३ सर, जुने स्ट्रक्चरल नकाशे ऑफिसच्या कपाटात आहेत, उद्या संध्याकाळी सातला या. डी-५०२ सर, दुसऱ्या दाराची जागा तुम्ही त्याच वेळी दाखवा. ते दार आणि बाहेर उघडणारा दरवाजा परवानगीची वाट न बघता करता येईल का?

बी-७०३ (आर्किटेक्ट) : आहे त्या दाराची दिशा बदलणं ही दुरुस्ती, लगेच करा. रुंदी वाढवणं आणि नवं दार पाडणं नकाशात दाखवूनच. भिंतीत बीम किंवा कॉलम नाही ना, ते उद्या बघतो. तोपर्यंत मुलं १८ च.

सी-१०४ : आणि पावसाचं? शेड नाही तर नेण्या-आणण्याला काय?

डी-५०२ (फायर कन्सल्टंट) : बी विंगच्या पोर्चपासून क्लबहाऊसचं दार ११ मीटर आहे. मुलं पोर्चमध्ये घ्यायची, एक मदतनीस मोठी छत्री घेऊन दोन-दोन मुलं आत नेते. पोर्चमध्ये गाडी उभी राहणार नाही एवढं सुरक्षारक्षकाला सांगा, सकाळी ८ ते ९.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ७.