जाताना सहा तास, येताना साडेचोवीस?

हळदवाला, सांगली
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, हिशेबात सहसा चुकत नाही. पण या तिकिटानं डोकं फिरवलंय बघा. लेकीचं बाळंतपण न्यूजर्सीला, मी आणि आमची मंडळी निघालोय. थेट विमान. मुंबईहून १४ ऑक्टोबरला रात्री १:३०, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३०. म्हणजे सहा तास? अहो, सांगलीहून मुंबईला याहून जास्त लागतात! येताना जानेवारीत सकाळी ११:३० ला बसायचं, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२. जावई म्हणतात पंधरा तास धरा. हिचे गुडघे दुखतात, तिला खरे तास सांगायचेत. अंतर तरी किती आहे?

मिरजेचा मास्तर
तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात, त्यामुळे जानेवारीत फरक साडेदहा. साडेचोवीसातून तेवढे वजा करा, चौदा तास. येताना दीड तास वाचतो तो वाऱ्यामुळे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर.

अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं अरबस्तान, आफ्रिका करत जायचं. ताणलेला दोरा मात्र वर सरकतो, रशिया, फिनलंड करून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. विमान अगदी दोऱ्यावरूनच जाईल असं नाही, कुणाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना बंदी घातली तेव्हा तसंच झालं.

जर्सीतली सून
काकूंसाठी कडेची सीट आत्ताच घ्या, दर दोन तासांनी उठून चालता येतं. व्हीलचेअरही आधी सांगून ठेवा, लाजू नका. दुबईमार्गे तिकीट स्वस्त दिसेल, पण तीन तास, मग चौदा तास आणि मधलं ताटकळणं वेगळं. थेट घेतलंत ते बरं केलंत.

विट्याचा पाहुणा
काका, एक विचारू? सांगलीतून निघताय कधी? रात्रीचे १:३० म्हणजे १३ तारखेची रात्र. आमचे मेव्हणे १४ ला जेवून-खाऊन विमानतळावर गेले, विमान आदल्या रात्रीच उडालेलं.

हळदवाला, सांगली
मास्तर, कळलं. येताना बारदान वजा, जाताना मिळवायचं. दोरा ताणून पाहिला. तोच दोरा गोलाच्या पोटाभोवती तीनदा बसला आणि थोडा कमी पडला. ही म्हणाली, एवढ्या लांब पोरगी दिली आपण?

पाहुणं, तुमच्या तोंडात साखर पडो. गाडी १४ ला सकाळी सहाची सांगितली होती. आत्ताच ड्रायव्हरला फोन लावला, १३ ला सकाळी या म्हटलं. तो म्हणतो, "शेठ, तेराला माझ्याकडं लग्नाचं भाडं आहे." मुंबईपर्यंत जाणारी दुसरी गाडी कुणाच्या माहितीत असेल तर सांगा.